शिट्टीनंतरचा कागद: आइस हॉकीच्या पंचाने रिपोर्ट कसा लिहावा

हा भाग मी रिंकच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून रेकॉर्ड केलाय. बाहेर उणे चौदा आहे, त्यामुळे ऑडिओत हीटरची घरघर ऐकू येईल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हटलं होतं की मॅच संपल्यावर रात्री अकरा-अकराला मी लॅपटॉप उघडून बसते. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की बाई, मॅच संपली, शिट्टी खिशात गेली, मग टाइप काय करतेस? तर आजचा भाग त्यावर. रिपोर्टवर.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. मी आठ वर्षांची असताना आम्ही ठाण्याहून टोरंटोजवळ राहायला आलो. आमच्या बाबांसाठी हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. बर्फावर स्केट घालून कुणी हॉकी खेळतं हे त्यांना पहिले सहा महिने पटतच नव्हतं. मी आधी खेळले, मग सोळाव्या वर्षी पंच झाले. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार मुलांच्या मॅचेस. दहा वर्षांच्या मुलांपासून सतरा वर्षांच्या दांडग्यांपर्यंत.

आता आधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्रत्येक पेनल्टीचा रिपोर्ट नसतो. कुणी काठीने पाय अडकवला, दोन मिनिटं बाहेर बस. तेवढं गेमशीटवर लागतं, विषय संपला. रिपोर्ट लागतो तो मोठ्या भानगडीला. कुणी मुद्दाम इजा केली किंवा तसा प्रयत्न केला, म्हणजे मॅच पेनल्टी. कुणी पंचाच्या अंगावर आलं. कुणी कुणाच्या वर्णावरून, धर्मावरून, लैंगिकतेवरून काही बोललं. प्रेक्षकातला एखादा बाप काच बडवत खाली उतरला. कुणाला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. यादी प्रत्येक असोसिएशनची थोडी वेगळी असते, पण साधारण हेच. अशा वेळी गेमशीट पुरत नाही. त्यात घटनेला एक ओळ असते. आणि त्या एका ओळीवर पंधरा वर्षांच्या मुलाला पाच-सात मॅचेस घरी बसवता येत नाही.

रिपोर्ट जातो लीगकडे, तिथून शिस्त समितीकडे. समितीत तीन-चार माणसं असतात, बहुतेक स्वयंसेवक. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी फोनवर किंवा व्हिडिओवर सुनावणी घेतात. त्यातलं कुणीही त्या रात्री रिंकमध्ये नव्हतं. त्यांनी बर्फ पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. त्यांच्यासमोर काय असतं? माझा कागद. ही गोष्ट मला समजायला एक अख्खं प्रकरण घालवावं लागलं. ते सांगते.

मी एकोणीस वर्षांची होते. जानेवारी महिना, पंधरा वर्षांखालच्या मुलांची मॅच. आम्ही दोघे पंच होतो. तिसऱ्या पिरियडमध्ये पाहुण्या संघाच्या गोलसमोर शिट्टी वाजली आणि नेहमीची रेटारेटी सुरू झाली. यजमान संघाचा १४ नंबर आणि पाहुण्यांचा ९ नंबर एकमेकांची जर्सी धरून उभे. ९ नंबरचा मुलगा आपल्याकडचा, म्हणजे दिसायला तरी. आणि १४ नंबर त्याला म्हणाला, 'घरी जा, पाकी.'

इथे न राहणाऱ्यांसाठी सांगते. हा शब्द इथे आणि इंग्लंडमध्ये शिवी आहे. दक्षिण आशियाई दिसणाऱ्या कुणालाही हाणतात, मग तुमचं मूळ पेशावरचं असो की परभणीचं.

मी ऐकलं. स्वतःच्या कानांनी. ग्रॉस मिसकंडक्ट दिली, मुलाला बाहेर काढलं. तिथपर्यंत सगळं बरोबर. मग घरी गेले आणि इतकी चिडले होते की लिहायलाच बसले नाही. रविवारी मॅचेस होत्या. सोमवारी क्लास. मंगळवारी रात्री लीगचा फोन आल्यावर बसले आणि जे लिहिलं ते साधारण असं होतं, मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगते:

'१४ नंबरच्या खेळाडूने विरोधी खेळाडूवर अत्यंत घृणास्पद वर्णद्वेषी टिप्पणी केली. हा प्रकार खेळाला काळिमा फासणारा आहे. अशा खेळाडूला हॉकीत जागा असू नये. त्याच्यावर कडक कारवाई व्हावी.'

लिहून झाल्यावर मला वाटलं, काय जबरदस्त लिहिलंय. (हसू.)

सुनावणी फोनवर झाली. समोरच्या संघाच्या माणसाने अगदी शांतपणे तीन प्रश्न विचारले. पहिला, शब्द कोणता होता? मी सांगितला. तो म्हणाला, पण तुमच्या रिपोर्टमध्ये तो नाही. दुसरा, तुम्ही किती लांब होतात? मी म्हटलं, जवळच. जवळ म्हणजे किती फूट? मला नक्की सांगता येईना. तिसरा, रिपोर्ट कधी लिहिलात? तीन दिवसांनी. मग त्याने सांगितलं की त्याचा खेळाडू म्हणतोय, मी 'पॅक इट इन' म्हणालो, म्हणजे आवरा आता, गाशा गुंडाळा. आणि शेवटी माझीच शेवटची ओळ मला वाचून दाखवली. पंचांनी आधीच ठरवलंय की या मुलाला खेळात जागा नाही, म्हणाला, तर त्यांनी नेमकं काय ऐकलं यावर आपण किती विसंबायचं? माझं आडनाव त्याने उच्चारलं नाही. पण फोनवरच्या सगळ्यांना ते दिसत होतं.

समितीने प्रकरण साध्या गैरवर्तनावर आणलं. एक मॅच, जी त्याने आधीच बाहेर बसून काढली होती. मी समितीला दोष देत नाही. त्यांच्यासमोरच्या कागदात माझा राग होता, घटना नव्हतीच. फोनवर ९ नंबरची आई होती. निकाल सांगून झाल्यावर तिने विचारलं, "म्हणजे माझा मुलगा खोटं बोलला, अशी नोंद राहणार का?" कुणीतरी म्हणालं, नाही, तसं नाही. मी काहीच म्हणाले नाही.

तर तोच रिपोर्ट आज मी कसा लिहीन ते ऐका.

'तिसरा पिरियड. घड्याळात ६:१२ उरले होते. पाहुण्या संघाच्या गोलसमोर शिट्टीनंतर दोन्ही संघांच्या सहा-सात खेळाडूंची रेटारेटी झाली. मी गोल लाइनवर, जवळच्या खांबापासून अंदाजे दहा फुटांवर उभी होते. यजमान १४ आणि पाहुणे ९ यांनी एकमेकांची जर्सी धरली होती. १४ चा चेहरा माझ्याकडे होता. ९ कडे बघत १४ म्हणाला: "घरी जा, पाकी." मला शब्द स्पष्ट ऐकू आले. त्या वेळी आसपास दुसरा कुणी खेळाडू बोलत नव्हता. मी १४ ला ग्रॉस मिसकंडक्ट दिली आणि कारण त्याच्या प्रशिक्षकाला सांगितलं. १४ काही न बोलता बर्फावरून गेला. ९ ने मला विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना?" मी हो म्हटलं. खेळ पुन्हा सुरू झाला.'

बस्स. एवढंच. यात 'घृणास्पद' कुठेही नाही. गरजच नाही. वाचणाऱ्याला ते वाटायचं असेल तर त्याचं त्याला वाटेल.

आता यातल्या एकेका गोष्टीकडे येऊ. क्रमाने नाही, जशी आठवेल तशी.

घड्याळ. आमच्याकडे पिरियडचं घड्याळ उलटं चालतं, शून्याकडे. पण काही नोंदींमध्ये किती वेळ गेला ते लिहितात. त्यामुळे नुसतं ६:१२ लिहिलं तर व्हिडिओ शोधणारा भलत्याच ठिकाणी जातो आणि म्हणतो, इथे तर काहीच घडलं नाही. म्हणून 'उरले होते' हे दोन शब्द. मला हे एका म्हाताऱ्या लाइन्समनने शिकवलं. तो स्केट बांधता बांधता असल्या गोष्टी सांगायचा.

जागा. तू कुठे होतीस, कोण कुठे होतं, कुणाचं तोंड कुठे होतं. मुलांच्या हॉकीत प्रत्येकाच्या तोंडावर जाळी असते, तोंडात माउथगार्ड असतं. बोलणं निम्मं त्यातच अडकतं. म्हणून दहा फूट आणि पन्नास फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंतर लिहिलंस की समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायची गरज राहत नाही. आणि चेहरा तुझ्याकडे नव्हता, पाठ होती, तर तेही लिही. प्रामाणिकपणे लिहिलेली एक कमजोर बाजू बाकीच्या नऊ ओळींना वजन देते.

आणि शब्द. जसाच्या तसा, पूर्ण, अवतरणचिन्हांत. फुल्या नाहीत, 'अपशब्द वापरले' नाही, 'प-वरून सुरू होणारा शब्द' नाही. आपल्याला लाज वाटते, मला माहीत आहे. मी आयुष्यात घरात न उच्चारलेले शब्द लीगच्या फॉर्मवर टाइप केलेत. पण 'वर्णद्वेषी टिप्पणी' हे माझं मत आहे, आणि शब्द हा पुरावा आहे. मत खोडता येतं. कमिटीला शब्द द्या, ती टिप्पणी कसली होती ते कमिटी ठरवेल.

क्रिकेटवाल्यांनो, तुम्हाला हे कळायला सोपं आहे. जानेवारी २००८, सिडनी कसोटी. हरभजन सिंग आणि अँड्र्यू सायमंड्स. सगळं प्रकरण शेवटी एका शब्दावर येऊन थांबलं, की हरभजन माकड म्हणाला की दुसरंच काही. मैदानावरच्या पंचांनी तो शब्द ऐकलेला नव्हता. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर सचिन तेंडुलकरचीही साक्ष झाली, वर्णद्वेषाचा आरोप टिकला नाही, शिवीगाळीबद्दल दंडावर भागलं. तुम्ही कुठल्या बाजूचे आहात ते मला नका सांगू, माझ्या घरातच दोन बाजू आहेत. माझा मुद्दा वेगळा आहे. दोन देशांचे संबंध ताणले गेले, दौरा रद्द होणार की काय अशी वेळ आली, आणि तटस्थ माणसाने त्या क्षणी ऐकून लिहिलेलं एकही वाक्य कुणाकडे नव्हतं.

मग पंचाने ऐकलंच नसेल तर? हा प्रश्न मला नवीन पंच हमखास विचारतात. मुलगा रडत येतो, म्हणतो मला असं असं म्हणाला, आणि तू रिंकच्या दुसऱ्या टोकाला होतीस. पेनल्टी देता येत नाही, कारण तू ऐकलं नाहीस. पण रिपोर्ट लिहायचाच. फक्त त्यात दोन खण वेगळे ठेवायचे. 'मी हे ऐकलं नाही' आणि 'मला हे सांगण्यात आलं'. कुणी सांगितलं, कधी, त्याच्याच शब्दांत काय सांगितलं, कोण शेजारी होतं असं त्याचं म्हणणं आहे. हे दोन खण कधीही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

याचा उपयोग काय, असं वाटेल. हॉकी कॅनडाने २०२१-२२ च्या मोसमापासून बर्फावरच्या भेदभावाच्या घटना मोजायला सुरुवात केली. पहिल्याच मोसमात देशभरात ९२७ नोंदी आल्या. त्यातल्या ५१२ वेळा पंचांनी पेनल्टी दिली होती. उरलेल्या ४१५ मध्ये पंचांनी स्वतः काही ऐकलं-पाहिलं नव्हतं, फक्त तक्रार होती. म्हणजे 'मी ऐकलं नाही, सोडून दे' असं झालं असतं तर जवळजवळ निम्म्या घटना कुठल्याही कागदावर आल्याच नसत्या. माझ्या ९ नंबरसारखी ४१५ मुलं. निदान त्यांनी सांगितलं होतं, एवढं तरी कुठे लिहून राहिलं.

आता सगळ्यात अवघड भाग. हेतू.

रिपोर्ट लिहिताना हात आपोआप लिहून जातो: 'मुद्दाम मारलं', 'इजा करण्याच्या उद्देशाने', 'रागाच्या भरात'. थांबा. तुम्हाला त्याच्या डोक्यातलं दिसलं का? नाही. तुम्हाला दिसली काठी, हात, अंतर, वेग. या चुकीत पंच किती पूर्वीपासून अडकतायत त्याची दोन उदाहरणं देते, मला दोन्ही फार आवडतात.

पहिलं १९५५ चं. मॉन्ट्रियलचा मॉरिस रिचर्ड, टोपणनाव रॉकेट, फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकचा देवच. १३ मार्चला बॉस्टनमध्ये हॅल लेकोच्या काठीने त्याच्या डोक्याला जखम झाली, दोघांची जुंपली, आणि त्याला आवरणाऱ्या लाइन्समन क्लिफ थॉम्पसनला रिचर्डने ठोसे मारले. तीन दिवसांनी लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी मॉन्ट्रियलच्या ऑफिसात सुनावणी घेतली. कॅम्पबेल स्वतः आधी याच लीगमध्ये पंच होते आणि वकीलही, म्हणजे असला कागद कसा वाचायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. पंचांनी आपलं म्हणणं मांडलं. रिचर्डच्या बाजूने सांगितलं गेलं की डोक्याला मार बसल्यामुळे तो भानावर नव्हता, थॉम्पसनला तो बॉस्टनचा खेळाडू समजला. कॅम्पबेलना ते पटलं नाही. उरलेला मोसम आणि प्लेऑफ, सगळ्यातून बाहेर. दुसऱ्या दिवशी मॉन्ट्रियलमध्ये दंगल पेटली, दुकानांच्या काचा फुटल्या. निकालात कॅम्पबेलनी आणखी एका गोष्टीचा आधार घेतला होता: डिसेंबरमध्ये टोरंटोत रिचर्डने असंच एका पंचाच्या अंगावर जाणं. म्हणजे जुनी नोंद कामाला आली. आज तुम्ही लिहिलेला कंटाळवाणा रिपोर्ट तीन महिन्यांनी कुणीतरी दुसऱ्याच प्रकरणात उघडतो, हे लक्षात ठेवा.

दुसरं २०१६ चं. २७ जानेवारी, कॅलगरी विरुद्ध नॅशव्हिल. कॅलगरीच्या डेनिस वाइडमनला समोरच्या खेळाडूने बोर्डवर आपटलं. तो उठला, आपल्या बेंचकडे स्केट करत निघाला आणि वाटेत लाइन्समन डॉन हेंडरसनला मागून दोन्ही हातांनी काठीचा धक्का दिला. हेंडरसन आडवा. त्या क्षणी पेनल्टीसुद्धा दिली गेली नाही. लीगने नंतर वीस मॅचेसची बंदी घातली. वाइडमनचं म्हणणं काय? बोर्डवर आपटल्याने मी भानावर नव्हतो. एकसष्ट वर्षांनी तोच बचाव! यावेळी लवादाने, म्हणजे जेम्स ओल्डहॅम नावाच्या तटस्थ माणसाने, इजा करण्याचा हेतू सिद्ध होत नाही म्हणून बंदी दहावर आणली. तोपर्यंत तो एकोणीस मॅचेस बाहेर बसून झाला होता, ही गंमत वेगळीच.

आता दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. दोन्हीकडे मार दिसला, त्यावर वाद नाही. वाद झाला तो डोक्याच्या आत काय चाललं होतं यावर. आणि डोक्याच्या आतलं ठरवायला वकील आहेत, डॉक्टर आहेत, लवाद आहे. पंचाने तिथे नाक खुपसलं तर समोरचा विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि तुमच्याकडे उत्तर नसणार. त्याऐवजी बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी लिहा. शिट्टी आणि धक्का यांत किती सेकंद गेले. काठी एका हातात होती की दोन. वाट बदलून आला की सरळ येत होता. समोरच्याला येताना दिसत होतं की पाठ होती. आधी काही बोलला का. पक कुठे होता. पक साठ फूट लांब असताना कुणी कुणाला पाठीमागून ढकललं, हे वाक्य तुमच्या 'मुद्दाम' या शब्दापेक्षा शंभर पटींनी बोलतं.

जखमेचंही तसंच. 'कन्कशन झालं' लिहू नका. तुम्ही डॉक्टर नाही. 'साधारण एक मिनिट बर्फावर पडून होता, ट्रेनर आला, दोघांच्या आधाराने बाहेर गेला, पुन्हा खेळायला आला नाही.' हे तुम्ही पाहिलंय, हे लिहा. रक्त दिसलं तर कुठे दिसलं ते लिहा.

शिक्षा किती व्हावी, हा तर विषयच नाही आपला. माझी 'कडक कारवाई व्हावी' ही ओळ आठवतेय ना? ती ओळ लिहून मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले, आणि माझी खुर्ची रिकामी झाली. साक्षीदाराची खुर्ची.

वेळ. त्याच रात्री. किती तासांत पाठवायचा याची मुदत तुमच्या लीगच्या पुस्तकात असते, ती बघा, पण लिहायचा मात्र झोपायच्या आधी. माझी पद्धत सांगते. बर्फावरून उतरल्यावर पंचांच्या खोलीत, स्केट सोडायच्याही आधी, गेमशीटच्या मागे नाही, माझ्या छोट्या वहीत पाच-सहा शब्द: वेळ, नंबर, वाक्य. फोन बाहेर काढत नाही, खोलीत कपडे बदलणारी माणसं असतात. वाक्य मात्र तिथेच उतरवायचं, कारण मेंदू वाईट लेखनिक आहे. तासाभरात तो वाक्य दुरुस्त करायला लागतो, व्याकरणासकट.

जोडीदाराशी बोलायचं का? पेनल्टी ठरवताना बोलायचं, ते कामच आहे. पण रिपोर्ट आपापला. मी एकदा दोन लाइन्समनचे रिपोर्ट बघितले, शब्दन् शब्द सारखे, स्पेलिंगची चूकसुद्धा एकच. समितीने काय समजायचं? दोघांनी वेगवेगळ्या जागेवरून वेगवेगळं पाहिलेलं असतं, आणि त्या दोन कागदांत थोडा फरक असणं हीच त्यांची खरेपणाची खूण. म्हणून माझ्या रिपोर्टमध्ये 'माझ्या सहकाऱ्यानेही पाहिलं' असं मी लिहित नाही. त्याने पाहिलं असेल तर तो लिहील.

व्हिडिओ. हल्ली प्रत्येक रिंकमध्ये कॅमेरा आणि प्रत्येक आईकडे फोन. मॅच संपायच्या आत क्लिप व्हॉट्सअॅपवर असते. बघायची नाही, निदान लिहून होईपर्यंत. बघितलीत की तुम्हाला जे दिसलं ते आणि कॅमेऱ्याला जे दिसलं ते एकमेकांत मिसळतं, आणि मग ते परत वेगळं करता येत नाही. चुकून बघितलीत तर लिहा की बघितली. आणि तुमचीच चूक झाली असेल, शिट्टी उशिरा मारलीत, चुकीच्या नंबरला बाहेर काढलंत, तर तेही लिहा. व्हिडिओ त्यांच्याकडेही आहे.

अमेय नावाच्या श्रोत्याने विचारलंय की हे सगळं एआयला सांगून लिहून घेतलं तर? मी एकदा करून बघितलं, गंमत म्हणून, जुन्या रिपोर्टवर. इंग्रजी सुंदर झालं. आणि त्यात 'आक्रमकपणे' असा शब्द आला जो माझा नव्हता, आणि शिवी गायब होऊन तिथे 'आक्षेपार्ह भाषा' आलं. म्हणजे मी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेला रिपोर्टच परत मिळाला, फक्त चांगल्या व्याकरणात. स्पेलिंग तपासायला वापरा हवं तर. मोडकं इंग्रजी चालतं. इथे निम्मे पंच घरी दुसरीच भाषा बोलतात, कुणाला काही वाटत नाही.

शेवटची एक गोष्ट, हे रेकॉर्डिंग आज का करतेय ती.

आज माझ्याबरोबर नवीन मुलगा होता, पंधरा वर्षांचा, तिसरीच मॅच. दुसऱ्या पिरियडमध्ये बेंचजवळ काहीतरी झालं. मी पलीकडच्या टोकाला होते, मला फक्त गलका ऐकू आला. तो माझ्याकडे आला, लाल झालेला, आणि म्हणाला, मी ऐकलंय. मी विचारलं, खात्री आहे? म्हणाला, आहे. मग त्याने हात वर केला आणि पेनल्टी दिली. प्रशिक्षक त्याच्यावर ओरडला, त्याचा हात थरथरत होता, पण त्याने खाली घेतला नाही.

मॅचनंतर खोलीत मी त्याला वही दिली आणि पाठ करून बसले, म्हणजे मला दिसायला नको. बराच वेळ पेन्सिलीचा आवाज येत होता. मग थांबला. त्याने विचारलं, "तो शब्द... पूर्ण लिहायचा?"

"पूर्ण," मी म्हटलं.

परत पेन्सिलीचा आवाज सुरू झाला.

चला, काच गोठायला लागलीय, निघते. पुढच्या भागात झॅम्बोनी चालवणाऱ्या आमच्या आजोबांशी गप्पा, प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू.